स्वर्गाचीं गीतें मायबोलींत : रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचें चरित्र

लोणारच्या सरोवराचें पाणी खारें आहे, हें आपल्या वऱ्हाडांतील लहान मुलांसहि ठाऊक आहे. आकाशांतून आलेल्या एका प्रचंड अशनीच्या आघातानें हें विवर झालें असें शास्त्रज्ञ सांगतात. त्याचा व्यास सुमारें १.८ किलोमीटर आहे. परंतु ज्या विवराच्या तळाशीं इतकें खारें पाणी सांठलें आहे, त्याच विवराच्या कांठावर गोड पाण्याची धार वाहते, आणि गांवचीं माणसें, गुरें व यात्रेकरू यांची तहान तीच भागविते. मनुष्याच्या जीवितांतहि असेंच आहे. जेथें अश्रूंचें खारें पाणी सांठतें, तेथेंच जवळ कोठें तरी देवानें गोड झरा ठेविलेला असतो. आपल्या मंडळ्यांत हा झरा म्हणजे स्वर्गाचीं गीतें होत.

गांवांत कोणी प्रभूमध्यें झोपीं गेला, म्हणजे आपण अंगणांत सतरंजी अंथरून बसतों, टाळ हातीं घेतों, आणि गातों. ज्या म्हातारीस अक्षरओळख नाहीं तीहि गाते. ज्या लेंकरास मरण म्हणजे काय हें समजत नाहीं तेंहि सुरांत सूर मिळवितें. ही गोष्ट आपणांस इतकी अंगवळणी पडली आहे कीं, तिच्यामागें कोणाचे कष्ट आहेत याचा आपण विचारहि करीत नाहीं. स्वर्गाविषयींचीं गीतें आपल्या आजीच्या बोलींत, आपल्या मातीच्या चालींत कशीं आलीं? हें काम अनेकांनीं केलें. परंतु त्यांत ज्यांचें नांव सर्वांच्या आधीं ओठांवर येतें, ते रेव्हरंड नारायण वामन टिळक होत. त्यांचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजीं कोंकणांत, रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यांतील करजगांव येथें, चित्पावन ब्राह्मण कुळांत झाला. वडील वामनराव सरकारी नोकरींत होते; स्वभाव मोठा कडक. आई जानकीबाई मात्र प्रेमळ व भाविक होत्या, आणि त्यांस काव्याची फार गोडी होती. मुलाच्या कानांत पहिले सूर पडले ते आईचे. परंतु हें सुख त्यास फार दिवस लाभलें नाहीं. तो लहान असतांनाच आई वारली, आणि आईवांचून तें घर त्यास घर वाटेना. घर सोडून तो नाशिकास आला. आईच्या मांडीस मुकलेल्या ह्या मुलाच्या पदांत पुढें देव वारंवार आईच्या रूपानें येतो, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

नाशिक येथें त्यांस गणेशशास्त्री लेले यांच्यासारखा विद्वान गुरु लाभला. त्यांच्यापाशीं संस्कृताचा अभ्यास झाला. शाळेंत थोडें इंग्रजीहि शिकावयास मिळालें. १८८० साली नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले यांची कन्या मनकर्णिका हिच्याशीं त्यांचा विवाह झाला. सासरीं तिचें नांव लक्ष्मी ठेविलें. वधू अवघी अकरा वर्षांच्या सुमाराची होती. हीच मुलगी पुढें लक्ष्मीबाई टिळक ह्या नांवानें सर्व महाराष्ट्रास प्रिय झाली.

विवाह झाला तरी टिळकांचे पाय एका ठिकाणीं ठरेनात. कधीं शिक्षक, कधीं पुराण सांगणारे, कधीं लेखक, असे ते गांवोगांव हिंडत राहिले. हातीं पैसा आला कीं तो गरजवंताच्या हातीं जाई, आणि घरीं चूल पेटण्याची चिंता लक्ष्मीबाईंच्या वांट्यास येई. १८९१ च्या सुमारास ते नागपुरास आले. तेथील धनिक आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयानें संस्कृत ग्रंथांचें काम त्यांस मिळालें, आणि ऋषि नांवाचें एक मासिकहि त्यांनीं चालविलें. परंतु ग्रंथांत बुडालेल्या ह्या माणसाचें मन अस्वस्थ होतें. मनुष्य मनुष्याचा विटाळ मानितो, हें त्यांस पटेना. आपल्या देशाचें दैन्य कशानें जाईल, लोकांस एका प्रेमांत बांधील असा धर्म कोणता, याचा शोध ते मनांतल्या मनांत करीत होते. ख्रिस्ती होण्याचा विचार मात्र त्यांच्या स्वप्नींहि नव्हता.

१८९३ साली ते नागपुराहून राजनांदगांवीं आगगाडीनें जात होते. डब्यांत एक युरोपियन गृहस्थ बसले होते. ते वऱ्हाड व आसपासच्या प्रदेशांत काम करणाऱ्या फ्री मेथडिस्ट मिशनचे अर्नेस्ट वॉर्ड होते असें सामान्यतः मानितात. गोऱ्या मनुष्याकडून टिळकांनीं आदराची अपेक्षा ठेविली नव्हती. परंतु त्या गृहस्थांनीं त्यांस शेजारीं बसविलें, काव्याविषयीं गोष्टी काढिल्या, आणि मग हलकेच ख्रिस्ताविषयीं विचारिलें. उतरतांना त्यांनीं नव्या कराराचें एक पुस्तक दिलें, आणि दोन वर्षांच्या आंत आपण ख्रिस्ती व्हाल असें भाकीतहि केलें. टिळकांस त्या भाकिताचें हसूं आलें असावें. तथापि दिलेला शब्द पाळावा म्हणून त्यांनीं पुस्तक उघडिलें. डोंगरावरील प्रवचनापर्यंत येतांच त्यांस पुस्तक खालीं ठेववेना. इतके दिवस आपण जें शोधीत होतों तें येथें आहे, अशी त्यांची खात्री होत चालली.

विचार केला, वाद केले, ख्रिस्ती वर्तमानपत्रांस निनांवी पत्रें पाठवून शंका विचारिल्या; आणि अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबई येथें अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळींत रेव्हरंड जस्टिन ॲबट यांच्या हातें त्यांचा बाप्तिस्मा झाला. हे ॲबटसाहेब तेच, ज्यांनीं पुढें मराठी संतांचीं चरित्रें इंग्रजींत आणिलीं. रेल्वेंतील भाकितास तेव्हां पुरतीं दोन वर्षेंहि झालीं नव्हतीं.

आतां ह्या बाप्तिस्म्याची किंमत काय पडली तें सांगितलें पाहिजे. कारण जो स्वर्गाचीं गीतें लिहितो त्यानें पृथ्वीवर काय सोडिलें हें ठाऊक असल्यावांचून त्या गीतांचें वजन कळत नाहीं. लक्ष्मीबाईंस ही बातमी विजेसारखी लागली. जातिबहिष्कृत नवऱ्याच्या घरीं त्यांनीं जाणें त्या काळच्या रीतीप्रमाणें अशक्य होतें. लहान दत्तू त्यांच्यापाशीं राहिला. नवरा जिवंत असून त्या एकट्या झाल्या. नातलगांनीं आधार दिला, परंतु मनाचा आधार कोण देणार? इकडे टिळकहि एकटे. ज्या समाजांत विद्वान म्हणून मान होता तेथें दार बंद झालें. ज्या नव्या समाजांत ते आले तेथें अद्याप कोणी आपलें नव्हतें. घर, जात, गोत, मान, सर्व एका दिवसांत गेलें. पत्रें मात्र ते बायकोस लिहीत राहिले. बळजबरीनें नव्हे, प्रेमानें तिला जिंकावें, हा त्यांचा निश्चय होता.

अशीं चार-पांच वर्षें गेलीं. मग लक्ष्मीबाई मुलास घेऊन नगरास आल्या. हें त्या वेळचें अहमदनगर. २०२४ पासून त्याचें अधिकृत नांव अहिल्यानगर आहे. आल्या, तरी सोंवळें सोडून आल्या नाहींत. त्यांची चूल निराळी, पाणी निराळें. टिळकांनीं ती सोय निमूटपणें करून दिली. एका शब्दानेंहि टोंचलें नाहीं. पुढें लक्ष्मीबाईंनीं आपल्याच मनाशीं विचार केला कीं, उंचनीच ही देवाची करणी नसून माणसाची आहे; आणि त्यांनीं आपल्या हातानें ती भिंत पाडिली. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो मोठ्या दुष्काळाचा काळ होता. अनाथ मुलांचे थवेच्या थवे मिशनच्या आश्रयास येत होते. अशा वेळीं टिळकांचें मोडलेलें घर पुन्हां उभें राहिलें, आणि त्याचें दार परक्यांच्या लेंकरांसहि उघडें झालें.

नगर येथें टिळक मिशनच्या कामांत होते. उपदेशक होऊं इच्छिणाऱ्या तरुणांस ते शिकवीत. १९०४ साली त्यांची पाळक म्हणून दीक्षा झाली. हे तरुण बहुतेक खेड्यांतून आलेले, आणि अनेकांचे वाडवडील गांवकुसाबाहेर राहिलेले. ज्यांची सावलीहि पूर्वीं टिळकांच्या कुळांत कोणी अंगावर घेतली नसती, त्यांच्या शेजारीं बसून ते आतां जेवत, गात आणि प्रार्थना करीत. येथेंच त्यांच्या ध्यानांत एक गोष्ट आली, आणि तीच त्यांच्या आयुष्याचें काम होऊन बसली.

ती गोष्ट अशी. मंडळ्यांत गीतें होतीं. परंतु पुष्कळशीं इंग्लंड-अमेरिकेच्या गीतांचीं भाषांतरें होतीं, आणि चालीहि तिकडच्याच. अमेरिकेचे सुप्रसिद्ध गायक आयरा सँकी यांचा गीतसंग्रह १८७३ साली प्रथम निघाला, आणि त्यांतील सुवार्तागीतें मिशनरी लोकांबरोबर देशोदेशीं पोंचलीं. त्या गीतांत स्वर्गाचें वर्णन पुष्कळ असे : नदीपलीकडचा सुंदर किनारा, सोनेरी नगर, पुन्हां होणारी भेट. हीं गीतें मनापासून लिहिलेलीं होतीं, आणि त्यांनीं अनेकांस धीर दिला, हें कोणी नाकारूं नये. परंतु इंग्रजी गाणें जोर व ठोका पाहून चालतें, आणि मराठी पद्य अक्षरें व मात्रा मोजून चालतें. मराठी शब्द परक्या चालींत कोंबले म्हणजे ऱ्हस्व अक्षर ताणावें लागतें, दीर्घ अक्षर तोडावें लागतें, आणि शब्दाचा अर्थ वाटेंत सांडतो. गाणाऱ्याचे ओठ हालतात, काळीज हालत नाहीं. प्रिय मनुष्य गेलें असतां ज्यानें उसन्या शब्दांत रडावें, त्याचें दुःख दुप्पट होतें.

ह्याहून खोल असा आणखी एक कांटा होता. ख्रिस्ती झालेल्या माणसास शेजारी म्हणत कीं, हा आतां साहेबाचा झाला. ह्याची भाषा, ह्याचें गाणें, ह्याचा स्वर्गसुद्धां परका. टिळकांस हा आरोप फार झोंबे. ते कट्टे देशभक्त होते. ख्रिस्ताकडे येतांना आपण आईची भाषा मागें टाकिली नाहीं, आणि कोणासहि टाकावी लागूं नये, असें त्यांचें ठाम मत होतें. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों, असें ते उघडपणें सांगत.

ह्या वाटेवर ते अगदीं पहिले नव्हते. गोंव्याकडे फादर थॉमस स्टीफन्स यांचें ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ सालींच छापलें गेलें होतें. आणि नगर भागांत कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनीं टिळकांच्या आधींच देशी चालींवर पदें व कीर्तनें रचून खेड्यांतील मंडळ्यांस गावयास शिकविलें होतें. टिळकांनीं हें बी घेतलें आणि त्याचें शेत केलें. त्यांनीं अभंग लिहिले. अभंगाची रचना आपल्या लोकांच्या कानांत पिढ्यान्‌पिढ्या बसलेली आहे : चार चरण, पहिल्या तिहींत सहा सहा अक्षरें, चवथ्यांत चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचें यमक जुळलेलें. ज्यास वाचतां येत नाहीं त्यासहि असा अभंग दोनदां ऐकिला कीं पाठ होतो. कारण एक चरण दुसऱ्यास हात धरून घेऊन येतो. अभंगांजलि ह्या नांवानें त्यांच्या भक्तिपदांचा संग्रह निघाला. शंभरांहून अधिक भक्तिगीतें त्यांनीं लिहिलीं, आणि तीं आपल्या उपासना-संगीताच्या पुस्तकांत मानानें बसलीं आहेत.

आतां त्या पदांतील स्वर्ग कसा आहे तें पाहूं. टिळकांच्या गीतांत सोन्याच्या रस्त्यांपेक्षां आईच्या मांडीची ओढ अधिक आहे. ख्रिस्तास ते गुरु म्हणतात, माउली म्हणतात. देवास आईबाप म्हणतात. त्या मांडीवर डोकें ठेवावें, वर त्या मुखाकडे पाहत राहावें, आणि शांत व्हावें, एवढीच त्यांची मागणी. प्रभु जितका जितका लाभतो तितकी तितकी त्याची ओढ वाढतच जाते, हा त्यांचा अनुभव त्यांनीं गाइला आहे. म्हणून त्यांचा स्वर्ग मरणानंतर सुरू होत नाहीं. तो आजच, प्रार्थनेच्या जागीं, शेताच्या बांधावर सुरू होतो, आणि मरणाच्या दारांतून पुढें चालतो. ज्याची आई लहानपणीं गेली, ज्याची बायको पांच वर्षें दुरावली, ज्याची जात गेली, त्या माणसानें घर म्हणजे काय हें घर गमावून जाणिलें होतें. त्यामुळें त्याच्या गीतांत स्वर्ग म्हणजे घर हा शब्द नुसता अलंकार राहत नाहीं.

आणि हें घर कोणासाठीं? आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतच, देऊळगांवराजा तालुक्यांत, मेहुणाराजा नांवाचें गांव आहे. संत चोखामेळा यांचा जन्म तेथें झाला अशी परंपरा आहे. चोखोबांनीं अभंग गाइले, परंतु पंढरीच्या देवळांत त्यांस पाऊल टाकतां आलें नाहीं, आणि त्यांची समाधीहि महाद्वाराच्या पायरीपाशींच आहे. ज्या लोकांच्या वाडवडिलांनीं देवाचें नांव असें दाराबाहेर उभें राहून घेतलें, त्यांचींच नातवंडें टिळकांच्या वर्गांत व त्यांच्या कीर्तनांत बसलीं होतीं. त्यांस त्यांनीं तोच अभंग परत दिला, पण दार उघडून दिला. ज्या घरास गांवकूस नाहीं, पायरी नाहीं, विटाळ नाहीं, त्या घराचें गाणें त्यांच्याच छंदांत त्यांच्या तोंडीं आलें. एका ब्राह्मणाच्या मुलानें तें लिहावें आणि गांवकुसाबाहेरच्या भावानें तें गावें, आणि दोघांसहि तें आपलेंच वाटावें, ह्याहून मोठें कार्य गीतानें कोणतें करावें?

टिळक केवळ मंडळीचेच कवि होते असें मात्र नाहीं. सर्व महाराष्ट्र त्यांस फुलांमुलांचे कवि म्हणून ओळखतो. वनवासी फूल, केवढें हें क्रौर्य ह्यांसारख्या त्यांच्या कविता ख्रिस्ती-हिंदु असा भेद न करितां लोकांनीं आवडीनें वाचल्या. तरुण कवि त्र्यंबक बापूजी ठोंबरे, ज्यांस आपण बालकवि म्हणतों, ते नगरास टिळकांच्या घरीं मुलासारखे राहिले होते. १९१८ साली आगगाडीखालीं त्यांचा अकालीं अंत झाला, तेव्हां त्या घरानें पोटचा मुलगा गेल्यासारखा शोक केला. १८४२ साली नगरास सुरू झालेल्या ज्ञानोदय पत्राच्या मराठी भागाचे टिळक १९१२ पासून अखेरपर्यंत संपादक होते. ख्रिस्ताचें सर्व चरित्र काव्यांत सांगावें म्हणून त्यांनीं १९०९ साली ख्रिस्तायन हा ग्रंथ आरंभिला; परंतु इतर कामांच्या गर्दींत दहा-अकरा अध्यायांपुढें तो जाऊं शकला नाहीं. कीर्तनास उभे राहिले म्हणजे मात्र गर्दी, भूक, वेळ, कशाचेंहि भान त्यांस राहत नसे.

वय साठीकडे झुकल्यावर मनुष्य विसांव्याची जागा शोधितो. टिळकांनीं उलट केलें. १९१७ साली त्यांनीं मिशनचा पगार सोडला, संन्याशाची वृत्ति पत्करली, आणि साताऱ्यास राहून देवाचा दरबार ह्या नांवानें एक नवा बंधुसमाज उभारण्यास आरंभ केला. ज्यांचा बाप्तिस्मा झाला आहे व ज्यांचा झालेला नाहीं, पण जे ख्रिस्तास गुरु मानून त्याच्यामागें चालूं इच्छितात, अशा सर्वांस त्या दरबारांत जागा होती. कित्येकांस हें धाडस वाटलें, कित्येकांनीं नापसंतीहि दाखविली. परंतु ज्यानें त्यांचीं गीतें लक्षपूर्वक गाइलीं आहेत त्यास ह्यांत नवल वाटणार नाहीं. जो स्वर्ग ते गात होते त्याचाच लहानसा ओटा त्यांस ह्या देशाच्या मातींत बांधावयाचा होता. देवाचा दरबार वर भरतो तसा खालींहि भरावा, हीच त्यामागील आशा.

तो ओटा पुरा होण्याआधींच बोलावणें आलें. प्रकृति खालावली, त्यांस मुंबईस नेलें, आणि ९ मे १९१९ रोजीं तेथेंच त्यांनीं देह ठेविला. वय सत्तावन वर्षांचें. दरबाराचें काम त्यांच्या मागें फार काळ टिकलें नाहीं. गीतें मात्र टिकलीं. निकोल मॅकनिकल यांनीं त्यांतील कांहीं इंग्रजींत उतरविलीं, आणि तीं परदेशच्या उपासनांत गाइलीं जाऊं लागलीं. १९२३ साली जॅक विन्स्लो यांनीं टिळकांचें चरित्र इंग्रजींत प्रसिद्ध केलें. एके काळीं समुद्रापलीकडून गीतें इकडे येत होतीं. आतां नगरचें गीत समुद्रापलीकडे गेलें.

लक्ष्मीबाईंविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून हें चरित्र पुरें होत नाहीं. ज्या बाईनें एके काळीं नवऱ्याच्या ख्रिस्ती होण्यानें जीव टाकावयाचा बाकी ठेविला होता, तिनेंच त्याचें अपुरें ख्रिस्तायन हातीं घेतलें, आणि शाळेचें शिक्षण जवळजवळ नसतां साठांहून अधिक अध्याय रचून तें पुरें केलें. आपल्या संसाराची कथा त्यांनीं स्मृतिचित्रें ह्या ग्रंथांत सांगितली. १९३४ पासून तो भागशः प्रसिद्ध होऊं लागला, आणि मराठीच्या उत्तम ग्रंथांत त्याची गणना झाली. १९३६ साली त्याहि पतीस भेटण्यास गेल्या. ज्यांची ताटातूट श्रद्धेनें केली, त्यांस श्रद्धेनेंच एका ग्रंथांत कायमचें एकत्र बसविलें.

आतां अखेर एक गोष्ट विचारार्थ ठेवितों. टिळक सोळा वर्षांच्या सुमाराचे असतांना, १८७७ साली, अमेरिकेंत एडिसन यांनीं आवाज सांठविण्याचें यंत्र शोधिलें. १९०२ साली कलकत्त्यास हिंदी गायकांचे आवाज तबकड्यांवर उतरविण्याचें काम सुरू झालें, आणि थोड्याच वर्षांत मराठी नाट्यपदें ग्रामोफोनच्या कर्ण्यांतून घरोघर ऐकूं येऊं लागलीं. मग रेडिओ आला, कॅसेट आली. आणि आज मोबाइलवर स्वर्गाचीं गीतें, मराठींतलीं तशींच परदेशचीं, बोट लावतांच वाजतात. ही देवाची देणगीच समजावी. आजाऱ्याच्या उशाशीं, शेतांत एकट्या राखणदारापाशीं, जेथें गाणारा कोणी नाहीं तेथें, ती मोठें काम करिते. ज्या उपदेशकास चाल ठाऊक नाहीं त्यास ती चाल शिकविते.

परंतु कांहीं ठिकाणीं असें होऊं लागलें आहे कीं, प्रेताशेजारीं मोबाइल लावून ठेवितात आणि सर्वजण गप्प बसतात. गाणें सुरेल असतें, वाद्यें भारी असतात; पण तें गाणें कोणा परक्या गळ्याचें, आणि त्या गळ्यास ह्या घरांत कोण गेलें हें ठाऊक नसतें. टिळकांनीं घर गमावून, जात गमावून जें गीत आपल्या तोंडीं दिलें, तें आपण पुन्हां तोंडांतून काढून यंत्राच्या हवालीं करावें काय? उपदेशक बंधूंनीं एवढें करावें : आठवड्यांतून एक सायंकाळ मंडळीस जमवावें, तबकडी वा मोबाइल लावून एक गीत दोनदां ऐकवावें, मग तें बंद करून टाळ हातीं घ्यावा, आणि एकेक चरण सर्वांकडून म्हणवून घ्यावा. निरक्षर आजीस आधीं म्हणावयास सांगावें. तिचा आवाज फाटका असेल, पण तिचेंच पाहून मुलें शिकतात. चरणाचा अर्थ दोन वाक्यांत समजावून द्यावा, म्हणजे गीत घशांत न राहतां अंतःकरणांत उतरतें. वर्षभरांत पंचवीस गीतें पाठ झालीं, तर त्या गांवांत कोणाचेंहि मरण मुकें जाणार नाहीं.

घरांतील दिवा गेला असतां शेजाऱ्याच्या पांच-सात गळ्यांतून, बेसूर कां होईना, पण आपल्या भाषेंत, स्वर्गाचें गीत उठतें, तेव्हां रडणाऱ्या माणसास दोन गोष्टी एकदम कळतात : आपलें माणूस एका घरीं पोंचलें आहे, आणि आपणहि ह्या पृथ्वीवर घराविना नाहीं. टिळकांनीं आयुष्य वेचून मिळविलेलें धन तें हेंच.